चांदीची साक्ष

औषधविक्याच्या फळीवर एके काळीं तीन बाटल्या बहुधा शेजारीं शेजारीं सांपडत. एकींत साधें मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. दुसरींत पोटॅशियम ब्रोमाइड. तिसरींत पोटॅशियम आयोडाइड. तिन्ही द्रव्यें पांढरीं, तिन्ही खड्यांच्या रूपांत, पाण्यांत पाहतां पाहतां विरघळणारीं. गुण पाहूं गेलें तर मात्र जमीनअस्मानाचें अंतर! पहिल्यावांचून आमटी अळणी होते. दुसरें झोंप आणतें. सर चार्ल्स लोकॉक या इंग्रज वैद्यानें १८५७ सालीं अपस्मारावर त्याचा उपयोग पुढें मांडल्यापासून अर्धशतकाहून अधिक काळ तें फेफऱ्याचें आणि निद्रानाशाचें प्रमुख औषध होऊन बसलें होतें. आणि तेंच दीर्घकाळ फाजील प्रमाणांत पोटांत गेलें म्हणजे बुद्धि मंदावते, बोलणें अडखळतें, अंगावर पुरळ उठतो आणि शेवटीं माणसास भ्रम होतो. तिसरें गलगंडासारख्या विकारांवर योजीत. आतां या बाटल्यांवरील चिठ्ठ्या दमट हवेनें गळून पडल्या अशी कल्पना करावी. कोणतें मीठ कोणतें, हें डोळ्यांनीं ठरत नाहीं. आणि अज्ञात द्रव्य जिभेवर ठेवून पाहणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे.

अशा प्रसंगीं रसायनशास्त्र एका साक्षीदाराला बोलावतें. तो साक्षीदार म्हणजे चांदी.

क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन आणि चौथें फ्लोरीन हीं चार मूलद्रव्यें एकाच घराण्यांतील होत. धातूशीं संयोग पावून लवणें उत्पन्न करणें हा त्यांचा कुळधर्म; म्हणूनच ग्रीक भाषेंतील ‘मीठ’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांस ‘हॅलोजन’ असें नांव मिळालें आहे. हीं लवणें पाण्यांत विरघळलीं म्हणजे त्यांचे घटक एकमेकांपासून सुटे होतात. मिठाच्या पाण्यांत ‘मीठ’ असें कांहीं उरतच नाहीं. धनविद्युत् धारण करणारे सोडियमचे कण आणि ऋणविद्युत् धारण करणारे क्लोरीनचे कण तेथें वेगवेगळे हिंडत असतात. अशा विद्युद्भारित कणांस आयन म्हणतात. ज्या पाण्यांत क्लोराइड आयन आहेत तें पाणी दिसावयास स्वच्छच असतें. त्या आयनांस पकडून दृश्य स्वरूपांत तळाशीं बसवावयाचें, तर त्यांची गांठ अशा एखाद्या जोडीदाराशीं घालून दिली पाहिजे कीं ज्याच्याशीं जमलेली जोडी पाण्यांत विरघळत नाहीं. चांदीचे आयन हे तसे जोडीदार. चांदी नत्राम्लांत विरघळवून जें सिल्व्हर नायट्रेट मिळतें तें पाण्यांत उत्तम विरघळतें. पण त्याचा एक थेंब मिठाच्या पाण्यांत पडतांच नळींतील द्रावण दुधासारखें होतें, आणि नळी हालविली म्हणजे तेंच दूध नासल्याप्रमाणें त्याच्या गुठळ्या होऊन खालीं बसतात. या खालीं बसणाऱ्या पदार्थास साका म्हणावें.

कृति सोपी आहे, पण तिच्यांतील प्रत्येक पायरीस कारण आहे. तपासावयाचें मीठ चिमूटभर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यांत विरघळवावें. नळाचें पाणी येथें कामाचें नाहीं, कारण त्यांत क्लोराइड आधींच असतें. तें वापरलें तर कोणत्याहि पदार्थांत क्लोराइड ‘सांपडेल’! नंतर त्या द्रावणांत सौम्य नत्राम्लाचे कांहीं थेंब घालून तें आम्लधर्मी झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि मगच सिल्व्हर नायट्रेटचें द्रावण थेंब थेंब सोडावें. शंभर घनसेंटिमीटर पाण्यांत सुमारें १·७ ग्रॅम या प्रमाणाचें द्रावण पुरतें. तें काळसर तांबड्या कांचेच्या बाटलींत ठेवावें आणि बोटांस लागूं देऊं नये. लागलें तर प्रथम कांहींच दिसत नाहीं, परंतु पुढें उजेडानें काळा डाग पडतो आणि कातडी झडून नवी येईपर्यंत तो जात नाहीं.

नत्राम्ल कशासाठीं, हा प्रश्न विद्यार्थी क्वचितच विचारतात, आणि परीक्षेंत चुकतात ते बहुधा येथेंच. चांदी ही भोळी साक्षीदार आहे. ती पुष्कळांना ओळख देते. धुण्याच्या सोड्यांतील कार्बोनेट दिसलें कीं ती फिकट साका टाकते. दाहक सोड्याशीं गांठ पडली तर तपकिरी गाळ होतो. फॉस्फेटशीं तर ती चक्क पिंवळा साका देते, आणि तो पाहून एखादा उतावळा परीक्षक ‘आयोडाइड’ असें लिहून मोकळा होतो. हे सर्व तोतये नत्राम्लापुढें टिकत नाहींत. कार्बोनेट असेल तर तें बुडबुड्यांच्या रूपानें उडून जातें. फॉस्फेटचा साका आम्लांत विरघळतो. क्लोराइड, ब्रोमाइड आणि आयोडाइड यांचे साके मात्र नत्राम्लास दाद देत नाहींत. दुसरें कोणतें आम्ल कां नको, याचें उत्तरहि यांतच आहे. हायड्रोक्लोरिक आम्ल घातलें तर आपणच क्लोराइड आंत ओतल्यासारखें होईल. गंधकाम्ल घातलें तर सिल्व्हर सल्फेट हें अल्पविद्राव्य लवण साक्याच्या रूपानें खालीं बसण्याची भीति. एवढें करूनहि गंधकाचे सल्फाइड आणि विषारी सायनाइड हे दोघे फसवूं शकतात. त्यांचा संशय असेल तर आम्ल घालून द्रावण आधीं उकळावें लागतें. आणि त्या वेळीं निघणारे वायु प्राणघातक असल्यामुळें तें काम धुराड्याच्या कपाटांत, जाणत्याच्या देखरेखीखालींच व्हावयास पाहिजे.

आतां रंग. क्लोराइडचा साका शुभ्र पांढरा, ब्रोमाइडचा सायीच्या रंगाचा, आयोडाइडचा पिंवळा, असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पिंवळ्याविषयीं फारशी शंका येत नाहीं. पण पांढरा आणि सायीचा रंग यांतील भेद सांगणें म्हणजे दोन दुकानांतील मांजरपाटाच्या छटा सांगण्यासारखें आहे. दिव्याच्या पिवळसर उजेडांत तर शुभ्र साकाहि सायीचा भासतो. खऱ्या मिठाची आणि खऱ्या ब्रोमाइडची अशा दोन नळ्या शेजारीं ठेवून, दिवसाच्या उजेडांत आणि काळ्या कागदावर तुलना केली तरच डोळ्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नाहीं. केवळ रंगावरून निकाल देणें हें घाईचें काम होय.

निकाल देतो तो अमोनिया. साक्यावरील पाणी ओतून टाकून त्यांत सौम्य अमोनिया घालून हालविलें कीं क्लोराइडचा साका बघतां बघतां नाहींसा होतो. ब्रोमाइडचा साका सौम्य अमोनियास जवळजवळ बधत नाहीं. तीव्र अमोनिया घालावा तेव्हां कोठें विरघळतो. आयोडाइडचा साका तीव्र अमोनियांतहि तसाच पिंवळा राहतो. असें कां व्हावें? चांदीच्या आयनावर येथें दोघांचा हक्क असतो. एकीकडे हॅलोजन त्यास साक्यांत ओढून धरतो. दुसरीकडे अमोनियाचे दोन रेणु त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटून त्यास पाण्यांत नेऊं पाहतात. जो साका स्वतःहून जितके अधिक चांदीचे आयन पाण्यांत सोडतो, तितकें अमोनियाचें काम सोपें. एक लिटर पाण्यांत सिल्व्हर क्लोराइड सुमारें २ मिलिग्रॅम विरघळतें. सिल्व्हर ब्रोमाइड साधारण ०·१४ मिलिग्रॅम. आणि सिल्व्हर आयोडाइड अवघें ०·००२ मिलिग्रॅम. म्हणजे पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत उतरतांना विद्राव्यता सुमारें हजार पटींनीं कमी होते. आयोडाइडचा आयन आकारानें मोठा आणि त्याचें विद्युत्कणांचें कवच सैल असल्यामुळें चांदीशीं त्याची मिठी अधिक घट्ट बसते. ती सोडविण्याचें बळ अमोनियांत नाहीं.

विरघळलेल्या क्लोराइडच्या द्रावणांत पुन्हां नत्राम्ल घालावें. अमोनिया आम्लाच्या वाट्यास जातो, चांदी मोकळी होते, आणि पांढरा साका परत प्रकट होतो. ही उलटतपासणी अवश्य करावी, कारण तिच्यामुळें निकाल पक्का होतो. आणि दुसरेंहि एक कारण आहे. चांदी आणि अमोनिया यांचें मिश्रण बाटलींत भरून ठेवलें तर कालांतरानें त्यांत अत्यंत स्फोटक पदार्थ तयार होतो, आणि तो नुसत्या धक्क्यानेंहि उडतो. काम आटोपतांच तें द्रावण आम्ल घालून निरुपद्रवी करणें हा प्रयोगशाळेंतील शिष्टाचार नव्हे, ती सुरक्षिततेची अट आहे.

साका उन्हांत ठेवला तर आणखी एक चमत्कार घडतो. पांढरें सिल्व्हर क्लोराइड हळूहळू जांभळट, मग करडें होत जातें, कारण उजेडानें त्यांतील चांदी सुटी होऊं लागते. कार्ल शेले या स्वीडिश औषधविक्यानें अठराव्या शतकांतच दाखवून दिलें होतें कीं, प्रकाशाच्या पट्ट्यांतील जांभळा भाग हें काळवंडणें सर्वांत जलद घडवितो. याच दोषाचा पुढें गुण झाला आणि छायाचित्रणाची कला जन्मास आली. चित्र उमटल्यावर न काळवंडलेलें लवण धुऊन काढावें कसें, ही अडचण होती. जॉन हर्शेल यानें १८१९ सालीं शोधून काढलें होतें कीं ‘हायपो’ या लवणाच्या द्रावणांत तें विरघळतें. १९१३ सालीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, तेव्हां त्या फितीवरील राजा, राणी आणि रोहिदास हे सर्व जिलेटिनांत बसविलेल्या चांदीच्या अशाच लवणांतून निर्माण झालेले होते. परीक्षानळींत जो साका विद्यार्थी मोरींत ओतून देतो, तोच एका उद्योगाचें भांडवल झाला.

या घराण्यांतील मंडळींची ओळख पटविण्यांत मोठमोठेहि चुकले आहेत. नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमींत, १८११ सालीं, पॅरिसमधील बेर्नार कुर्त्वा हा सोरा तयार करणारा कारखानदार समुद्रशेवाळाच्या राखेशीं काम करीत असतां गंधकाम्ल अंमळ जास्त पडलें, आणि भांड्यांतून सुंदर जांभळी वाफ निघून थंड जागीं काळे चकचकीत स्फटिक जमले. तें आयोडीन, ग्रीकमधील जांभळ्या रंगाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. पुढें १८२६ सालीं माँपेलिएचा आंत्वान बालार या चोविशीहि न गांठलेल्या तरुणानें मिठागरांतील उरल्या खारट पाण्यांत क्लोरीन सोडून एक तांबूस, उग्र वासाचा द्रव मिळविला आणि तें नवें मूलद्रव्य असल्याचें सिद्ध केलें. जर्मनींतील विख्यात रसायनज्ञ लीबिग याच्याकडे तोच द्रव त्यापूर्वींच येऊन पडला होता. पण त्यानें तो आयोडीन आणि क्लोरीन यांचा संयोग समजून बाटलीवर तशी चिठ्ठी लाविली होती, असें सांगतात. ब्रोमीनचा शोधक होण्याचा मान एका चिठ्ठीनें घालविला!

बालारची युक्ति आजहि दुसरी परीक्षा म्हणून वापरतात. या घराण्यांत थोरल्याचा जोर अधिक आहे. क्लोरीन हा ब्रोमीन आणि आयोडीन या दोघांनाहि त्यांच्या लवणांतून हुसकून लावतो. म्हणून अज्ञात द्रावणांत थोडें क्लोरीनचें पाणी घालावें आणि पाण्याशीं न मिसळणारा एखादा सेंद्रिय द्रव वर टाकून हालवावें. पूर्वी यासाठीं कार्बन टेट्राक्लोराइड घेत. तें यकृतास अपायकारक ठरल्यावर त्याच्या जागीं सायक्लोहेक्झेन आलें. तो थर जांभळा झाला तर आयोडीन, नारिंगी-तपकिरी झाला तर ब्रोमीन, आणि रंगहीन राहिला तर बहुधा क्लोराइडच. दोन्ही एकत्र असलीं तर प्रथम जांभळा रंग येतो. क्लोरीनचें पाणी आणखी घालीत गेलें म्हणजे जांभळा रंग विरून मागाहून ब्रोमीनचा रंग उमटतो. येथें घाईनें सर्व क्लोरीन एकदम ओतणारास आयोडीन कधींच दिसत नाहीं, कारण तें रंगहीन आयोडेट होऊन बसतें. मिश्रणांत थोडें क्लोराइड शोधावयाचें असल्यास काम याहूनहि नाजूक. तेथें साके अमोनियम कार्बोनेटनें धुतात, म्हणजे ब्रोमाइड जवळजवळ जागचें हालत नाहीं आणि क्लोराइडच कांहीं अंशीं विरघळून येतें. गाळलेल्या पाण्यांत नत्राम्ल घालून पुन्हां त्याची पांढरी खूण पाहतात.

आयोडीनची एक खूण तर प्रत्येक स्वयंपाकघरांतहि दाखवितां येते: सुटें आयोडीन तांदळाच्या पेजेस गडद निळा रंग आणतें. पण बाजारांतील आयोडीनयुक्त मिठावर ही खूण सहज उमटत नाहीं, आणि चांदीची परीक्षाहि तेथें निरुपयोगी ठरते. त्या मिठांत आयोडीन असतें तें किलोमागें अवघें कांहीं मिलिग्रॅम. कारखान्यांतून निघतांना ३० आणि गिऱ्हाइकाच्या हातीं येतांना निदान १५, असा भारतांतील दंडक आहे. एवढ्याशा आयोडीनची खूण क्लोराइडच्या पांढऱ्या पुरांत कोठल्या कोठें बुडून जाते. शिवाय आपल्याकडील दमट व उष्ण हवेंत आयोडाइड टिकत नाहीं म्हणून मिठांत पोटॅशियम आयोडेट मिसळतात. त्यास आधीं आम्ल आणि थोडें आयोडाइड देऊन त्यांतून आयोडीन मोकळें करावें लागतें, मग पेज निळी होते. ही परीक्षा क्षुल्लक समजूं नये. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनीं हिमाचलाच्या कांगडा खोऱ्यांत आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड हटतो हें दाखवून दिलें, आणि १९६२ सालीं राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. गोणींतील मिठांत आयोडीन खरोखर आहे कीं नाहीं हें गांवोगांव पाहण्याचें साधन म्हणजे हाच निळा डाग.

यंत्रें आलीं म्हणून चूक संपली असें नाहीं. रक्तांतील क्लोराइड मोजणारीं विद्युत्-यंत्रें आज रुग्णालयांत सर्रास आहेत. ज्याच्या रक्तांत ब्रोमाइड सांचलें आहे अशा रोग्याचें रक्त त्यांत घातलें तर त्यांतील पुष्कळ यंत्रें ब्रोमाइडलाच क्लोराइड समजून भलताच मोठा आंकडा दाखवितात. ज्या वैद्यास हें भाऊबंदांचें साम्य ठाऊक आहे, तो त्या विचित्र आंकड्यावरूनच ब्रोमाइडच्या विषबाधेचा संशय घेतो. ज्यास ठाऊक नाहीं, तो भ्रमिष्ट झालेल्या माणसाच्या डोक्यांत रोग शोधीत बसतो.

विहिरीच्या पाण्याच्या बाबतींत चांदीची साक्ष फार दिवसांपासून घेण्यांत येते. माणसाच्या मूत्रांत मीठ असतें. सांडपाणी जमिनींत मुरतांना पुष्कळशी घाण माती अडवून धरते, पण क्लोराइडला ती अडवीत नाहीं. तेव्हां समुद्रापासून दूरच्या एखाद्या विहिरीचें क्लोराइड शेजारच्या विहिरींपेक्षां एकाएकीं वाढलें, तर जवळपास कोठें शौचकूप पाझरत नाहीं ना, हें पाहावें. कोंकणच्या किनाऱ्यावर हाच आंकडा निराळें सांगेल, कारण समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें १९ ग्रॅम क्लोराइड असतें आणि उपसा फार झाला म्हणजे तें पाणी विहिरींत शिरतें. मोजण्याची रीत कार्ल मोर या जर्मन रसायनज्ञानें १८५६ सालीं बसविली. पाण्यांत पोटॅशियम क्रोमेटचे थेंब घालून सिल्व्हर नायट्रेट मोजून सोडीत जावें. क्लोराइड शिल्लक आहे तोंवर पांढरा साकाच पडतो. तें संपतांच पुढचा थेंब क्रोमेटशीं मिळून विटकरी रंग देतो. किती थेंब लागले त्यावरून क्लोराइड किती तें कळतें. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तें लिटरमागें २५० मिलिग्रॅमपर्यंत असावें.

आतां चौथें भावंड. फ्लोराइडच्या द्रावणांत सिल्व्हर नायट्रेट घातलें तर कांहींहि होत नाहीं. सिल्व्हर फ्लोराइड एक लिटर पाण्यांत दीड किलोहून अधिक विरघळतें. साका पडणार कोठून? चांदी येथें मुकी होते, आणि तिचें मौन ‘कांहीं नाहीं’ असें समजणें जिवावर बेततें. १९३७ सालीं त्या वेळच्या मद्रास इलाख्यांतील नेल्लोर जिल्ह्यांत शॉर्ट आणि त्यांचे सहकारी यांनीं दांत डागाळलेलीं, पाठीचा कणा ताठून वांकतां न येणारीं माणसें तपासलीं; कारण निघालें विहिरीच्या पाण्यांतील फ्लोराइड. महाराष्ट्रांत चंद्रपूर, यवतमाळ आणि नांदेड या जिल्ह्यांतील कांहीं गांवांत हाच शत्रु आहे. तें पाणी निवळशंख असतें, चवीला गोड असतें, आणि लिटरमागें १·५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडून कैक वर्षें पोटांत जात राहिलें म्हणजे हाडें धरतें.

फ्लोराइडचा साका पाडावयाचा तर कॅल्शियमची योजना करतात; कॅल्शियम फ्लोराइड पांढरें खालीं बसतें. प्रयोगशाळेंतील तीव्र द्रावणापुरतें तें ठीक. पण हा साका स्वतःच लिटरमागें सुमारें १६ मिलिग्रॅम विरघळतो, तेव्हां दोनतीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलेल्या विहिरीच्या पाण्यांत तो पडणारच नाहीं. म्हणून तेथें रंग उडविण्याची युक्ति वापरतात. झिर्कोनियम धातु आणि ॲलिझरीन हा रंग यांचें तांबडें संयुग घेऊन त्यांत पाणी घालावें. फ्लोराइड असेल तर तें झिर्कोनियमला रंगापासून ओढून नेतें आणि तांबडें द्रावण पिंवळें पडत जातें. ठराविक प्रमाणाच्या नळ्यांशीं ताडून पाहिलें म्हणजे अंदाजी आंकडा मिळतो.

असें पाणी उकळून उपयोग होत नाहीं. पाणी आटतें आणि फ्लोराइड तेवढेंच राहतें, म्हणजे तें अधिकच दाट होतें. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें यावर तुरटी आणि चुना यांची रीत बसविली असून ती नलगोंडा पद्धति या नांवानें ओळखली जाते. बादलीभर पाण्यांत तपासणींतील आंकड्याप्रमाणें चुना आणि तुरटी मिसळून ढवळलें कीं कापसाच्या पिंजाऱ्यासारखा साका तयार होतो आणि फ्लोराइड आपल्या अंगास चिकटवून घेऊन तळाशीं बसतो. वरचें पाणी तासाभरानें निवळल्यावर हलक्या हातानें काढून घ्यावें. तळचा गाळ विहिरीपासून आणि गुरांच्या चाऱ्यापासून दूर, खड्ड्यांत टाकावा.